ओल्या फळ्याचा वास

ओल्या फळ्याला वास असतो. भिजलेल्या लाकडाचा, खडूच्या भुकटीचं पांढुरकं पाणी झाल्याचा, पिळून पिळून विरलेल्या फडक्याचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी पहाटेच्या गार हवेचा. तो फार वेळ टिकत नाही. फळा कडेकडेने वाळू लागतो, मधला ओला काळा डाग आक्रसत जातो आणि त्याच्याबरोबर वासही विरतो. पण तेवढ्या वेळात जो छातीत भरून घेतला, तो आज इतक्या वर्षांनीही अवचित भेटतो. कधी पहिल्या पावसात भिजलेल्या एखाद्या जुन्या दारापाशी, कधी कुणी लहान मूल पाटी धूत असताना. आणि मग मला आधी अक्षरं दिसतात. माणसं त्यांच्या मागून येतात.

आमची चाळ गिरगावातली, ठाकूरद्वारच्या नाक्यापासून आत. जिन्याच्या पहिल्या वळणाखाली, विजेच्या मीटरांच्या रांगेशेजारी तो फळा टांगलेला असे. मूळचा तो उत्सवाचा. भाद्रपदात त्याच्यावर वर्गणी, आरतीच्या वेळा, नाटकाच्या तालमींची बोलावणी येत; गणपती चौपाटीवर पोचवून आलो, की दुसऱ्या दिवसापासून फळा पुन्हा नानांचा होई. नाना आमच्यापैकी कुणाचेच सख्खे नव्हते आणि साऱ्या चाळीचे नाना होते. एका छापखान्यात ते कंपोझिटर. दिवसभर उभं राहून खिळे जुळवायचे, उलटी अक्षरं सुलटी वाचायची. आणि पहाटे नळाला पाणी आलं, घरची पिंपं भरून झाली, की तांब्यात थोडं पाणी आणि खांद्यावर फडकं घेऊन खाली उतरायचे. पुसण्याआधी ते कालचा मजकूर एकदा वाचत. ओठ हलत, आवाज नसे. मग फडकं वरून खाली, सावकाश, एकेक ओळ निरोप दिल्यासारखं फिरे.

मी तेव्हा दूध आणायला निघालेली असे. आरेच्या केंद्रावर रांग लागायच्या आत पोचायचं असे, पिशवीत रिकाम्या बाटल्या किणकिणत असत, आणि तरी त्या वळणावर पाऊल थबके. ओल्या फळ्यावर लिहिता येत नाही, खडू घसरतो. म्हणून नाना तो वाळण्याची वाट बघत उभे राहत, आणि मीही. तेवढ्या वेळात आम्ही कुणीच काही बोलत नसू. समोर रिकामा काळा फळा, आणि त्याच्यावर आज काय येणार याची उत्सुकता. पुढे आयुष्यात कितीतरी गोष्टींची वाट पाहिली. इतकी निर्मळ वाट पुन्हा पाहता आली नाही.

वर उजवीकडे तिथी आणि वार. मधोमध दिनविशेष. त्याखाली एखादी म्हण, नाहीतर बोलण्यातून मागे पडलेला एखादा शब्द, अर्थासह. आणि अगदी तळाला, अक्षर थोडं लहान करून, ‘हे ठाऊक आहे का?’ एवढाच संसार त्या फळ्याचा. छापखान्यातल्या माणसाचं अक्षर ते. शिरोरेघ आधी ओढून घ्यायची नाही, प्रत्येक अक्षराने आपली रेघ घेऊन यायची आणि शेजाऱ्याला चिकटायचं. खडूचा तो कोरडा, बारीक टकटकाट जिन्यातून वर चढत जाई. कुणाच्या घरात स्टो पेटत असे, कुणाच्या घरात रेडिओ घसा साफ करत असे, आणि या आवाजांच्या मधून तो टकटकाट. आज कोणता दिवस आहे, हे चाळीला असं कळत असे.

१६ एप्रिल. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. दुपारी साडेतीनला. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि साहिब, सिंध, सुलतान नावांची तीन इंजिनं. त्या दिवशी शाळेत जाताना, शाळेतून येताना, जेवताना, ही तीन नावं माझ्या जिभेखाली होती. आणि फळ्याच्या तळाला नानांनी लिहिलं होतं, की ही गाडी यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. जगन्नाथ शंकरशेट! ज्या रस्त्यावरून मी रोज बाटल्या सांभाळत जात होते, त्या रस्त्याचंच हे नाव. रस्त्याला नाव असतं हे ठाऊक होतं. त्या नावाला हात-पाय, घर-दार, खटपटी आणि १८६५ साली आलेलं मरण असतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. संध्याकाळी चर्नी रोडच्या पुलावर मुद्दाम उभी राहिले. खालून लोकल धडधडत गेली, पुलाचे कठडे हलले, आणि मला उगाचच वाटलं, की सुलतान गेला.

मग ३ मे. उन्हाळ्याची सुट्टी, गॅलरीत वाळवणं, आणि फळ्यावर ‘राजा हरिश्चंद्र’. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा हा चित्रपट लोकांसमोर आला तो आपल्या गिरगावातच, कॉरोनेशन थिएटरात. आणि त्याच्याही आधी, पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र पाहून फाळक्यांना आपले देव असे हलते-चालते दाखवायचा ध्यास लागला, तेही गिरगावातल्याच एका चित्रपटगृहात. बाबांनी त्या संध्याकाळी मला कॉरोनेशनची जागा दाखवायला नेलं. थिएटर केव्हाच गेलेलं. बाबा एका इमारतीकडे बोट दाखवत, मग शेजारच्या इमारतीकडे, मग थांबत. मला ते काहीच खटकलं नाही. या हवेत, इथेच कुठेतरी, अंधारात बसलेल्या माणसांनी पहिल्यांदा तारामती पाहिली, आणि ती तारामती साळुंखे नावाच्या एका तरुणाने उभी केली होती, एवढं मला पुरेसं होतं. परत येताना बाबांनी मला उसाचा रस पाजला. अजूनही रसाच्या गुऱ्हाळातला घुंगरांचा आवाज ऐकला, की माझ्या डोळ्यांपुढे आधी पांढरा पडदा येतो.

आणि १ ऑगस्ट. त्या दिवशी नाना जास्त लिहीत नसत. ‘१९२०. लोकमान्य.’ एवढंच. बाकीचं पाऊस सांगे. सरदारगृहातून निघालेली ती यात्रा, धो धो पाऊस, आणि गिरगावच्या वाळूत दिलेला अग्नी. आजीच्या वयाच्या बायका हे असं सांगत, जणू त्यांच्याच घरातलं माणूस गेलं होतं. चौपाटीवरच्या पुतळ्याकडे मी त्याआधी कितीदा पाहिलं असेन, भेळ खाताना, वाळूत पाय रुतवताना. त्या फळ्यानंतर तिथली वाळू माझ्यासाठी नुसती वाळू राहिली नाही. आजही तिथून जाताना चपला काढून हातात घ्याव्याशा वाटतात.

मला वाटतं, हेच त्या फळ्याचं बळ होतं. तो जे सांगे ते चालत जाता येईल इतक्या अंतरावर असे. नसलं, तरी नाना त्याला आमच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडत. शाळेच्या पुस्तकात सनावळ्या होत्याच, परीक्षेपुरत्या पाठ होत आणि परीक्षेबरोबर जात. फळ्यावरची तारीख मात्र पायांना चिकटून घराबाहेर पडे आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या भिंतीपाशी, एखाद्या नाक्यावर आपली जागा शोधून तिथेच राहून जाई.

झाडांचा आठवडा मला विशेष आठवतो. श्रावणात कधीतरी नानांनी गिरगावातल्या वाड्यांची नावं लिहायला घेतली. फणसवाडी. आंबेवाडी. केळेवाडी. जांभूळवाडी. मग मुगभाट, बोरभाट. भाट म्हणजे बागायत, माडा-फळांची राखलेली जमीन. दोन-दोन नावं दिवसाला, फार नाही. मधल्या सुट्टीत आम्ही मुली ती नावं एकमेकींना देऊ लागलो. तू फणस, तू जांभूळ, मी बोर. जिथे आता ट्रकमधून कागदाचे गठ्ठे उतरत होते, जिथे चाळीला चाळ खेटून उभी होती आणि गॅलरीतून हात लांब केला तर समोरच्या घरातली साखर घेता आली असती, तिथे कधीकाळी सावल्या होत्या, पाटाचं पाणी होतं, पिकल्या फणसाचा घमघमाट होता. फणसवाडीतून जाताना मी खोल श्वास घेऊन पाहत असे. येई तो अत्तराच्या दुकानाचा, फुलांच्या हारांचा, तळणीचा वास. आणि तरीही, फार खोल श्वास घेतला तर, कुठेतरी...

नाना हे सगळं आणत कुठून? एक जाडजूड, कोपरे दुमडलेली जमाखर्चाची वही त्यांच्याकडे होती. रविवारी ते दादरला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जात. १८९८ साली स्थापन झालेली ती संस्था ते आपल्या वडिलांच्या वयाची म्हणून सांगत. तिथे बसून केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड उघडत. तेवीस खंड, एका माणसाने ध्यास घेऊन मराठीत उभे केलेले. मोल्सवर्थचा शब्दकोश उघडत. आणि पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आठवडाभराचा शिधा वहीत उतरवून आणत. घरोघरी भिंतीवर ‘कालनिर्णय’ लागायचे ते दिवस. साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं आणि तारखेच्या पाठीमागे वाचायला काहीतरी असतं याची सवय साऱ्या महाराष्ट्राला लागली. नाना तेही वाचत. पण त्यांच्या फळ्यावर येई ते त्यांनी हाताने उतरवलेलं असे, आणि ते कष्ट त्या अक्षरांतून दिसत.

६ जानेवारीला मात्र वही लागत नसे. तो त्यांच्या धंद्याचा सण. १८३२ सालच्या त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. त्या पहाटे नाना धुतलेला सदरा घालून खाली येत आणि फळ्याच्या चारी कडांना खडूने वेलबुट्टी काढत. एका वर्षी त्यांनी ‘दर्पण’च्या खाली ‘दिग्दर्शन’ लिहिलं. १८४० साली बाळशास्त्र्यांनीच काढलेलं मासिक. त्यात भूगोल होता, इतिहास होता, सृष्टीची शास्त्रं होती, आणि हे सगळं मराठीत. मी विचारलं, ‘नाना, तेव्हा हे कोण वाचत असेल हो?’ ते खडू हातात धरून थोडे थांबले. ‘कोणीतरी तुझ्याएवढं असेलच की,’ म्हणाले. बाळशास्त्री १८४६ साली गेले, तिशीतच. हे त्यांनी फळ्यावर लिहिलं नाही. वळता वळता, फडकं झटकत, हलक्या आवाजात सांगितलं. त्या दिवशी ओल्या फळ्याच्या वासात मला पहिल्यांदा थोडं दुःख मिसळल्यासारखं वाटलं. ज्या माणसाने इतकं सांगायचं योजलं होतं, त्याला वेळ पुरला नाही.

छापखान्याच्या गोष्टी सांगताना नानांचा चेहरा वेगळा होई. भटांना आणि भाविकांना छापील पोथी नको असे, कारण शाईत चरबी असेल ही धास्ती. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असं ते सांगत, आणि १८४१ साली त्यांच्याच छापखान्यातून मराठीतलं पहिलं छापील पंचांग निघालं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागलेला जावजी दादाजी नावाचा मुलगा, त्याने १८६९ साली निर्णयसागर काढला, आणि राणोजी रावजी आरूंनी घडवलेल्या अक्षरांनी देवनागरीला असं रूप दिलं की लोक पुस्तक वाचण्याआधी नुसतं पाहत बसत. नाना आपला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत हे सांगत. त्यांची ती बोटं शिशाने काळवंडलेली होती. पहाटे तेवढीच ती पांढरी असत, खडूने.

मावशी लालबागला राहायची. तिच्या चाळीत फळा नव्हता. तो गल्लीच्या तोंडाशी, व्यायामशाळेच्या भिंतीवर होता. तिथलं अक्षर ठसठशीत, मिलमधल्या एका साचेवाल्याचं. तिथे कबड्डीचे सामने, भजनाचे वार, आणि आमच्यासारखेच दिनविशेष. १० जानेवारीला तिथे हाफकिन असत. १८९७ साली, शहर प्लेगने रिकामं होत असताना, या माणसाने आपण तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली हाफकिन संस्था मावशीच्या घरापासून फार लांब नव्हती. तिच्या भिंतीकडेने जाताना माझा हात नकळत दंडावर जाई. १४ एप्रिलला बाबासाहेब. परळच्या बी.आय.टी. चाळीत ते कितीतरी वर्षं राहिले, आणि मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं केलं ते पुस्तकांना पुरेल इतकं मोठं. हे वाचून मावशीकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्याखाली आडवं पडून, मी छताकडे पाहत राही. याएवढ्याच खोलीत, एवढ्याच गजबजाटात. मनाला किती जागा लागते आणि किती लागत नाही!

१८ जानेवारी १९८२ नंतर तो फळा बदलला. संप सुरू झाला. साठाच्या वर गिरण्या आणि अडीच लाख कामगार. पण हे आकडे मला फार नंतर कळले. मला कळलं ते एवढंच, की पहाटेचा भोंगा थांबला आणि व्यायामशाळेच्या फळ्यावर दिनविशेष येईनासा झाला. सभा, मोर्चा, धान्यवाटप. सभा, मोर्चा. काकांचा डबा मांडणीवर पालथा. मावशी संध्याकाळी पोळ्या मोजून लाटायची आणि मी आले की मोजदाद विसरल्यासारखं करायची. मे महिन्यात मी तिच्याकडे असताना एका सकाळी फळ्यासमोर चार-पाच माणसं उभी दिसली. सभेच्या सूचनेखाली, उरलेल्या वीतभर जागेत, कुणीतरी वेगळ्याच, कच्च्या अक्षरात लिहिलं होतं, की ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली कापड गिरणी स्थापली. इतकंच. माणसं ते वाचत होती. कुणी काही बोललं नाही. साचेवाले काका पुढे झाले, खिशातून खडू काढला, आणि त्या कच्च्या अक्षरांवरून एकदा आपलं अक्षर फिरवून त्यांनी ती ओळ ठळक केली.

तो संप कुणी कधी मागे घेतला नाही. तो तसाच राहिला, आणि माणसं एकेक करून त्यातून निघून गेली, गावाला, उपनगराला, देवाघरी. त्या भिंतीच्या जागी आता काचेची इमारत आहे.

आमचा फळाही गेला. नाना आधी गेले. काही दिवस त्यांचं शेवटचं अक्षर तसंच राहिलं. पुसायला कुणाचा हात उठेना. एकदा, त्यांच्या हयातीत, मीच त्यांना म्हटलं होतं, ‘आजचा पुसू नका ना, फार छान आहे.’ त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू वाचलंस ना? मग आता ते फळ्यावर कशाला हवं?’

हल्ली पहाटे उठते तेव्हा उशाशी फोन उजळलेला असतो. दिनविशेष येतात, म्हणी येतात, शब्दांचे अर्थ, राजधान्या, नद्यांची लांबी. कुणी कुणी इतक्या प्रेमाने ते पाठवतं, की न वाचता पुढे जाववत नाही. मी सगळं वाचते. काही खरोखर सुंदर असतं, वहीत उतरवून घेते. पण दुपारपर्यंत त्यातलं फार थोडं सोबत उरतं, आणि हे माझ्या वयामुळे होतं असं मला वाटत नाही. त्या मजकुराला जिना नसतो. तो वाळण्याची वाट पाहत शेजारी कुणी उभं नसतं. म्हणून मी अलीकडे एक करते: जे वाचलं ते घेऊन बाहेर पडते. भाचीची मुलगी सुट्टीत आली की तिला बरोबर घेते. तिला माझ्याबरोबर बसने फिरायला आवडतं, आणि मला तिला खिडकीची जागा द्यायला.

परवा ३१ मार्च होता. आम्ही दादर टी.टी.ला बस पकडली. ती पाटी वाचत होती, तशी ती सगळ्याच पाट्या वाचते. म्हणाली, ‘आजी, टी.टी. म्हणजे?’ मी सांगितलं, ट्राम टर्मिनस. इथे ट्राम येऊन थांबायची, आणि बोरीबंदराहून निघालेली शेवटची ट्राम १९६४ साली आजच्याच तारखेला इथे आली. पुढच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ मागे वळले. ‘मी होतो,’ म्हणाले. ‘वडिलांच्या खांद्यावर. माणसांनी रस्ता भरलेला. ट्राम चालत होती की माणसंच तिला आणत होती, कळत नव्हतं.’ त्यांचा आवाज थरथरला, आणि कंडक्टरही तिकिटांचं यंत्र हातात धरून जागच्या जागी थांबला.

‘मग रूळ?’ तिने विचारलं. ‘रुळांचं काय झालं?’

हिंदमाता मागे पडलं होतं. मी तिला सांगितलं, काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी काम चालू असताना रस्त्याखाली जुने रूळ सापडले. काकांना हे माहीत नव्हतं. नेमके कुठे, कारंज्याच्या कोणत्या अंगाला, आता ठेवलेत कुठे, सगळं त्यांना हवं होतं, आणि मी सांगत होते, हातांनी दिशा दाखवत. परळ गेलं. लालबागचा स्टॉप आला, आम्हाला तिथेच उतरायचं होतं. मी पिशवी उचलली.

‘पण विजेच्या ट्रामच्या आधी,’ काका म्हणाले, ‘ट्रामला घोडे होते. १८७४ साल.’

‘खरे घोडे?’ ती म्हणाली, आणि खिडकीकडे पाठ करून त्यांच्याकडे तोंड करून बसली. मी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली आणि कंडक्टरकडे भायखळ्यापर्यंतचं तिकीट मागितलं.